जवस का कुटायचं?

नेर परसोपंतच्या शिवारात आता कपाशी, तूर, सोयाबीन. जवसाचं निळं फूल शोधावं लागतं. पण भाकरीसोबतची जवसाची चटणी विदर्भाने सोडलेली नाही, आणि सोडूही नये.

आपलं शरीर बहुतेक मेदाम्लं स्वतः तयार करतं. लिनोलिक (ओमेगा-६) आणि अल्फा-लिनोलेनिक (ओमेगा-३) ही दोन मात्र त्याला जमत नाहीत. ती ताटातूनच यावी लागतात. १९२९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांश नसलेला आहार दिला. उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले धरले.

सरकी आणि सोयाबीनच्या तेलात ओमेगा-६ भरपूर असतं. अल्फा-लिनोलेनिक सोयाबीनमध्ये थोडं, सरकीत आणि शेंगदाण्यात जवळजवळ नाहीच. जवसाच्या तेलात मात्र निम्म्याच्या आसपास तेच!

दाण्याची साल गुळगुळीत आणि टणक. न चावलेला दाणा पोटातून तसाच निघून जातो. म्हणून मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, लसूण, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं. कुटलं की हवा लागते आणि तेल खवट व्हायला लागतं. हवेत वाळण्याच्या याच गुणामुळे जवसाचं तेल रंगांत वापरतात. तेव्हा चटणी आठवडा पुरेल एवढीच करावी, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी. मासळीतलं वेगळ्या प्रकारचं ओमेगा-३ शरीर जवसापासून अगदी थोडंच बनवतं, हे खरं. पण ज्या घरात मासळी शिजतच नाही, तिथे रोजचा चमचाभर जवस मला फार मोलाचा वाटतो.