भोंगा कोणाच्या हाती?

मार्च २०२० मध्ये शाळांना टाळे लागले आणि परिपत्रकांच्या वाटेने ‘ऑनलाइन शिक्षण’ हा शब्द खेड्यापाड्यांत येऊन पोहोचला. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत शब्द पोहोचला, शिक्षण मात्र वाटेतच राहिले. घरोघरी मोबाइल नाही, असला तर त्यात पैसे नाहीत, आणि सारे जुळून आलेच तरी टेकडी चढल्याखेरीज ‘रेंज’ नाही. अशा वेळी या भागातील आदिवासींमध्ये पूर्वीपासून काम करणाऱ्या दिगंत स्वराज फाउंडेशन या संस्थेने जुनाट वाटावा असा एक उपाय योजला. तिचे कार्यकर्ते आधीच ध्वनिमुद्रित केलेले पाठ आणि एक ध्वनिक्षेपक घेऊन पाड्यापाड्यांवर गेले. ‘बोलकी शाळा’ हे त्या उपक्रमाचे नाव. दांडवळसारख्या गावात मुले लाकडी मांडवाखाली बसत आणि पाठ्यक्रमातील काही भाग, गाणी, चांगल्या सवयी, थोडे इंग्रजी असे ऐकत. पहिल्या काही आठवड्यांतच सहा गावांतील हजाराहून अधिक मुलांपर्यंत हा आवाज गेला. कर्ण्याशीही मुलांनी नाते जोडले. कोणी त्याला दादा म्हणे, कोणी ताई.

या प्रयोगाचे उगाच स्तोम माजविण्याचे कारण नाही. कर्णा बोलतो, ऐकत नाही. वारली किंवा कातकरी बोली घरी बोलणाऱ्या, घराण्यात प्रथमच पाटी हाती धरणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीतला शब्द अडला, तर त्याची अडलेली मुद्रा ओळखणारा शिक्षकच लागतो. तथापि एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ते यंत्र ठरावीक कामासाठी पाड्यावर आले, त्याने मुलांना एकत्र बसविले आणि पाठ संपताच ते गप्प झाले. आपल्या खिशातील यंत्राविषयी यांपैकी एक तरी विधान आज करता येईल काय?

यंत्राला काम नेमून देण्याची ही रीत महाराष्ट्राला नवीन नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास कार्यक्रम. गावकऱ्यांनी तो एकत्र ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि पटले ते गावात करून पाहायचे. रेडिओ ही तेव्हा दुर्मिळ वस्तू होती, म्हणून तो एकत्र ऐकला गेला, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण अर्ध्या तासानंतरची चर्चा दुर्मिळतेने आपोआप घडवून आणलेली नव्हती. ती योजलेली होती.

विपुलतेच्या काळातही असे योजता येते, हे सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने दाखविले. १५ ऑगस्ट २०२२ पासून तेथे सायंकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की साडेआठपर्यंत दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, वडीलधाऱ्यांनी एकमेकांशी बोलायचे. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील बांसी या गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी करण्याचा ठराव केला. या दोहोंत मला वडगावची वाट अधिक न्याय्य वाटते. मुलांचा मोबाइल काढून घ्यायचा आणि वडिलांनी ओसरीवर चित्रफिती पाहत बसायचे, हा नियम टिकायचा कसा? वडगावात दीड तासाचे पथ्य साऱ्या घराला होते.

मात्र हाच धडा जव्हार-मोखाड्याला जसाच्या तसा वाचून दाखविणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. १९९२-९३ च्या सुमारास वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी हा भाग महाराष्ट्राला प्रथम ठाऊक झाला. दसरा-दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे निघणाऱ्या कुटुंबाला गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांची खबर मिळण्याचे साधन आज मोबाइल हेच आहे. शिवाय यंत्र वापरायचे की नाही, हा निर्णय त्याच्या हाती राहिलेला तरी कुठे आहे? १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावर मजुरांचे छायाचित्र दिवसातून दोनदा काढून मोबाइलवरून हजेरी लावण्याची सक्ती झाली. ज्या डोंगरात रेंज नाही तेथे हजेरी लागायची कशी आणि हजेरीवाचून मजुरी मिळायची कशी, याचा विचार फर्मान काढण्यापूर्वी व्हायला हवा होता. शिक्षकांची कथा निराळी नाही. वर्गातली मुले सोडून माहिती ‘भरायची’ आणि फोटो ‘टाकायचे’, हे काम त्यांनी मागितलेले नव्हते. संयमाचा उपदेश नेहमी वापरणाऱ्याला केला जातो; यंत्र लादणाऱ्याला तो कोणी करीत नाही.

म्हणूनच हा प्रश्न एकेकट्याच्या मनोनिग्रहावर सोडून भागणार नाही. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभेला आपल्या चालीरीती, आपली साधनसंपत्ती आणि आपले व्यवहार सांभाळण्याचा अधिकार दिला आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून उभे राहण्याची वाट मोकळी केली. बोहाड्याची सोंगे कोणत्या क्रमाने नाचवायची हे जो समाज परंपरेने ठरवितो, त्याला सायंकाळी यंत्रे केव्हा बंद ठेवायची, समाजमंदिरातला पडदा कशासाठी लावायचा आणि रेंज नसताना लागलेल्या गैरहजेरीविरुद्ध ठराव कोणत्या शब्दांत करायचा, हे ठरविणे जड जाऊ नये. शिक्षकांनी ठराव लिहून देण्यापुरती मदत केली तरी पुष्कळ झाले.

मात्र तिथी नीट निवडावी लागेल. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला निम्मे पाडे भट्ट्यांवर गेलेले असतात. १ मे रोजीही पुष्कळजण परतलेले नसतात. १५ ऑगस्टला लावणी उरकलेली असते आणि माणसे घरी असतात.