रुग्णालयाची सावली असलेला न्यूमोनिया

डायलिसिसवरचा रुग्ण ताप आणि धाप घेऊन कॅज्युअल्टीत येतो. एक्स-रेत फुप्फुसावर पांढरा ठिपका. २००५ साली अमेरिकी तज्ज्ञांनी अशांचा वेगळा गट केला: डायलिसिसवाले, शुश्रूषागृहात राहणारे वृद्ध, नुकतेच रुग्णालयात राहून आलेले. यांच्यात औषधांना न जुमानणारे जंतू असणार, म्हणून पहिल्या डोसपासूनच जबर अँटिबायोटिक्स. कागदावर पटणारंच! पण या गटावरून अशा जंतूंचा अंदाज काही नीट बांधता येईना. २०१९मध्ये तो मोडीत निघाला. आता प्रश्न नेमके असतात: पूर्वी एमआरएसए किंवा स्यूडोमोनास हे चिवट जंतू सापडले होते? गेल्या ९० दिवसांत रुग्णालयात शिरेतून अँटिबायोटिक्स दिली होती? जुनं डिस्चार्ज कार्ड इथे फार मोलाचं. धोका दिसला तर थुंकी-रक्त कल्चरला पाठवून जबर औषधं सुरू करतात. ४८ तासांत हे जंतू आढळले नाहीत आणि रुग्ण सुधारत असला, तर ती आवरती घेतात.