दोन घरांच्या मधला वेळ

मागच्या वर्षी महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं आणि पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे येणाऱ्या मावशींनी एक घर सोडलं. त्यांच्या पाच घरांपैकी सगळ्यांत जास्त पैसे देणारं. भांडी आणि झाडू-पोछा, महिन्याचे १,५०० रुपये, मालकीण स्वभावानं बरी, दिवाळीला साडी ठरलेली. त्याऐवजी त्यांनी आमच्याच गल्लीतलं १,१०० रुपयांचं घर धरलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, चारशे रुपये असे कोणी सोडतं का?"

फडा भिंतीला टेकवत त्या म्हणाल्या, "घर चांगलंच होतं ताई. पण तिथं जाणं महाग पडते मले."

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. पुढे ओळखीतल्या दोन मुलींनी वर्ध्यात घरसफाईचा व्यवसाय सुरू करायचं ठरवलं आणि दर कसे लावायचे म्हणून विचारायला आल्या. कागद-पेन घेऊन बसलो, तेव्हा कळलं की या धंद्याचं अर्धं गणित मावशी फडा टेकवता टेकवता सांगून गेल्या होत्या.

काम धरणं, काम सोडणं

सिंदी (मेघे), पिपरी (मेघे), बोरगाव (मेघे) ही वर्ध्याला चिकटलेली गावं. कागदावर ग्रामपंचायती, डोळ्यांना शहरच. सकाळी साडेसहा-सातला तिथून बायका शहराकडे निघतात. कोणी पायी, कोणी सायकलनं, कोणाला मुलगा गाडीवर सोडून देतो. या धंद्याला दुकान नाही, पाटी नाही, पण भाषा आहे. घर 'धरतात' आणि 'सोडतात'. न आलेला दिवस म्हणजे 'खाडा'. एकदाच करून द्यायचं मोठं काम 'गुत्त्यानं' घेतात. भांड्यांचे वेगळे, कपड्यांचे वेगळे, झाडू-पोछ्याचे वेगळे पैसे. घरात माणसं किती आणि खोल्या किती यावर ते खालीवर होतात.

दर ठरतो कसा? बहुतेक वेळा एका प्रश्नानं: शेजारी किती देतात? म्हणजे शेजारच्या बाईनं चार वर्षांपूर्वी भीडेखातर जो आकडा मान्य केला, तोच अख्ख्या गल्लीचा दर होऊन बसतो. त्यात काय धरलेलं नसतं ते पाहा. एका घरून दुसऱ्या घरी जायला लागणारा वेळ धरलेला नसतो. नळ यायचा आहे म्हणून ओट्याशी बसून राहिलेली वीस मिनिटं नसतात. कुलूप पाहून मारलेला हेलपाटा नसतो. पैसे मिळतात ते फक्त घराच्या आतल्या वेळाचे. बाईचा दिवस मात्र घराबाहेरही खर्च होत असतो.

सिंदीची उलटी वाट

गंमत अशी की ही वाट एके काळी उलट्या दिशेनं चालली होती. १९३५ मध्ये गांधीजी वर्ध्यात मगनवाडीला राहत होते. सकाळी ते आणि त्यांचे सहकारी जवळच्या सिंदी गावात जाऊन रस्त्याकडेची घाण उचलत. आज सिंदीच्या बायका शहर साफ करायला येतात. तेव्हा शहरातली माणसं सिंदी साफ करायला जात होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, याच वर्ध्यात, अखिल भारत चरखा संघानं एक ठराव केला. सूत कातणाऱ्या बाईला बाजारात पडेल तो भाव नव्हे, तर आठ तासांच्या नेटक्या कामाला पोटापुरतं अन्न आणि अंगापुरतं कापड सुटेल एवढी मजुरी मिळाली पाहिजे, असा त्याचा आशय. गांधीजींच्या मनात आकडा होता आठ तासांना आठ आणे. खादी महागेल, विकली जाणार नाही, ही सहकाऱ्यांची भीती. मजुरी वाढली, पण आठ आण्यांपर्यंत पोचली नाही. विनोबा १९३२च्या अखेरीस शहरालगतच्या नालवाडीत राहायला गेले होते. आपल्या कातण्यावर जेवढं मिळेल तेवढ्यातच भागवायचं, हा प्रयोग त्यांनी तिथं स्वतःवर केला. मजुरीचा प्रश्न वहीत मांडण्यापेक्षा त्यांनी तो ताटात मांडला.

पुढे पवनारला असताना, १९४६ ते १९४८च्या दरम्यान, विनोबा रोज सकाळी खांद्यावर फावडं टाकून तीन मैलांवरच्या सुरगावला मैला साफ करायला जात. जाण्यायेण्यातच बराच वेळ जाई. पावसाळ्यात एकदा वाटेतल्या नाल्याला पूर आला. अलीकडच्या काठावरून त्यांनी पलीकडच्या माणसाला ओरडून सांगितलं की देवळातल्या देवाला निरोप द्या, गावचा सफाईवाला आला होता, पण नाला ओलांडता येत नाही. त्या दिवसाचं काम झालं नाही. पण खाडा कळवला गेला.

ही गोष्ट वर्ध्यात अनेकांना ठाऊक आहे आणि ती सेवेची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला मात्र तिच्यात एक फट दिसते. विनोबांचा खाडा कापला जाणार नव्हता. नाल्याच्या काठावरून परतलेल्या मोलकरणीचा कापला जातो. वर्ध्यानं सफाईच्या कामाला हात लावला, त्याची शरम कमी केली. वर्ध्यानंच एका तासाच्या श्रमाची किंमत काय, हेही विचारलं. पण विचारलं ते कातण्याबद्दल. जातीनं आणि बाईपणानं स्वस्त केलेल्या झाडूला तो प्रश्न लावायचा राहून गेला.

माणशी दर, तासाचा दर

तो प्रश्न लावला पुण्यातल्या मोलकरणींनी. १९८० साली त्यांनी संप केला. एका भागात सुरू झालेला संप बघता बघता दुसऱ्या वस्त्यांमध्ये पसरला. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. भरपगारी सुट्ट्या मागितल्या गेल्या, दिवाळीचा बोनस मागितला गेला आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दरपत्रक आलं: कामागणिक आणि माणशी. घरात चार माणसं असतील तर भांडी-कपड्यांचा दर चौघांचा. 'शेजारी किती देतात' या प्रश्नाला छापील उत्तर मिळालं.

सरकारी बाजू उशिरा हलली. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८चा. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची नोंदणी, मदतीच्या योजना, असं त्याचं स्वरूप. मंडळ मिळालं, ओळखपत्र मिळालं. कामाचा दर मात्र त्या कायद्यानं ठरवून दिला नाही.

आणि आता अ‍ॅप आलं. मार्च २०२५ मध्ये अर्बन कंपनीनं मुंबईत 'इन्स्टा मेड्स' नावाची सेवा आणली. सुरुवातीचा भाव तासाला ४९ रुपये. नावावरून आणि भावावरून टीकेची झोड उठल्यावर नाव बदलून 'इन्स्टा हेल्प' झालं. कंपनीनं खुलासा केला की काम करणारीला तासाला १५० ते १८० रुपये मिळतात आणि महिन्याला १३२ तास, म्हणजे २२ दिवस रोज ६ तास काम केल्यास किमान २०,००० रुपयांची हमी आहे. गिऱ्हाइकाला ४९ आणि कामगाराला १५० हे फार दिवस टिकणारं गणित नव्हे. मधला फरक कोणीतरी खिशातून घालत असतो. नव्या व्यवसायानं त्यातून घ्यायचा तो ४९चा आकडा नव्हे, १३२ तासांचा हिशेब. महिन्याला पैसे मिळणारे तास नेमके किती, हे आधी ठरवून मग दराकडे वळायचं.

आठ तासांतले पाच

त्या दोन मुलींबरोबर आम्ही मांडलेला हिशेब असा. काम करणाऱ्या बाईच्या हातात महिन्याला १२,००० रुपये पडले पाहिजेत, असं धरलं. महिन्याचे २५ दिवस. म्हणजे दिवसाला ४८०. ती घराबाहेर आठ तास. ४८० भागिले ८, तासाला ६० रुपये. दोघींनी लगेच ६० लिहून खाली रेघ मारली.

इथंच बहुतेक नवे धंदे बुडतात. आठ तासांपैकी घरांच्या आत किती? जाणं-येणं, वाट पाहणं, बादली-पोछा धुऊन ठेवणं, जेवण वजा केलं तर पाचच उरले. आता ४८० भागिले ५, तासाला ९६. त्यावर फिनाईल, घासण्या, हातमोजे, पेट्रोल, फोन. त्यावर सुट्टीच्या दिवसांचे आणि दिवाळीच्या बोनसचे बाजूला काढायचे पैसे. रोज पाऊण तास, महिन्याचे २६ दिवस जायचं असेल तर एका घराचे साडेएकोणीस तास. नुसत्या मजुरीचेच १,८७२ रुपये. हा आकडा ऐकून कोणीही मालकीण म्हणेल, "बाई, आमच्या मावशीच बऱ्या."

मग करायचं काय? सोपा आणि नेहमीचा उपाय म्हणजे बाईची मजुरी कापणं. दुसरा उपाय कागदावर दिसत नाही, नकाशावर दिसतो. दोन घरांच्या मधला वेळ कमी करायचा. सगळी घरं एकाच कॉलनीत धरली आणि आठपैकी सहा तास घरांच्या आत गेले, तर तासाचा दर ९६वरून ८० वर येतो आणि त्याच घराचे १,५६० होतात. सात तास बसवता आले तर दर साडेअडुसष्टच्या आसपास आणि घराचे साधारण १,३४०. बाईच्या हातातले १२,००० तसेच. गिऱ्हाइकाचे पाचशेवर रुपये वाचले, ते कोणाच्या पोटातून नव्हे, रस्त्यातून वाचले. म्हणून या धंद्यात वेळापत्रक आणि दरपत्रक ही एकाच कागदाची दोन पानं आहेत. लांबचं एकुलतं घर आलं तर नम्रपणे नाही म्हणायचं, नाहीतर जाण्याचे पैसे उघड लावायचे.

वेळापत्रक आखताना घड्याळापेक्षा घराच्या सवयी पाहाव्या लागतात. नोकरीवालं जोडपं असेल तर नऊच्या आत. म्हातारे आई-वडील असतील तर पूजा आटोपल्यावर. ज्या गल्लीत नळाचा दिवस ठरलेला, तिथं भांडी त्या वेळेला, धुण्या-पुसण्याचं मोठं काम त्याच दिवशी. मे महिन्यात वर्ध्याचं ऊन ४५च्या आसपास टेकतं. अकरा ते चार बाईला रस्त्यावर ठेवायचं नाही, मग सकाळ सहालाच सुरू करायची. सावंगी आणि सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांमुळे भाड्याच्या खोल्या भरपूर. परीक्षा संपून खोली रिकामी झाली की घरमालकाला एका दिवसात ती चकाचक हवी असते. दुपारच्या रिकाम्या तासांत बसणारं हे काम.

पण खरी कसोटी आश्विनात. घरोघरी दिवाळीची साफसफाई निघते आणि नेमकं त्याच वेळी शिवारात सोयाबीनची सोंगणी उरकत असते, सीतादहीची शेतातली पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू होते. वेचणीला किलोवर पैसे, तेही रोखीत. दरवर्षी एकदा तरी मावशी दारातूनच सांगतात, "ताई, चार दिवस येत नाही, वेचाले जाऊन राहिली." यात बेइमानी नाही, हिशेब आहे. ज्या दिवसांत मागणी सगळ्यांत जास्त, त्याच दिवसांत हात सगळ्यांत कमी. म्हणून दिवाळीची कामं पितृपक्षातच नोंदवून घ्यायची, थोडी आगाऊ रक्कम घ्यायची, दिवाळीच्या पंधरवड्याचा दर वाढवायचा आणि वाढलेलं बाईला द्यायचं. वेचणीपेक्षा इथं जास्त सुटतं असं तिला दिसलं तरच ती येईल.

पंख्यापासून फरशीपर्यंत

रोजच्या कामाचा दर ठरवता येतो, गुत्त्याचा घर पाहिल्याशिवाय सांगू नये. "तीन खोल्या आहेत हो, कितीसं ते!" यावर फोनवरच आकडा दिला की दिवस गेला. त्या मुलींच्या पहिल्याच कामात तसंच झालं. तीन खोल्यांना चार तास धरले होते. जाऊन पाहतात तर सात पंखे, खिडक्यांच्या जाळ्यांत कापसाच्या पुंजक्यासारखी धूळ, माळ्यावर दोन पिढ्यांची पितळी भांडी आणि ओट्यामागच्या टाइल्सवर तेलाचा चिकटा, नखानं निघेल असा. बाथरूममध्ये खाऱ्या पाण्याचा पांढरा थर. संध्याकाळी सातला बाहेर पडल्या.

आता त्या आधी जातात आणि मोजतात: पंखे किती, खिडक्या किती, माळा आहे का, संडास-बाथरूम किती, पाणी खारं की गोडं, मागची अशी सफाई कधी झाली. चिकट्यावर सोड्याचं गरम पाणी आधी मारून ठेवायचं आणि तो सुटेपर्यंत पंखे उतरवायचे. काम वरून खाली: जाळी-जळमटं, पंखे, माळा, खिडक्या, टाइल्स, शेवटी फरशी. उलटं केलं तर फरशी दोनदा पुसावी लागते, पैसे एकदाचेच. बाथरूमला अ‍ॅसिड वापरायचं तर त्या जागी ब्लीचिंग पावडर अजिबात नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत जीव गुदमरतो. मोजणी झाली की आकडा फोनवर लिहून पाठवायचा, सोबत काय करणार आणि काय करणार नाही तेही. माळ्यावरची भांडी घासणं वेगळं. रद्द करायचं तर आदल्या रात्री आठच्या आत कळवावं. आणि आपल्याला जमणार नसेल तर आपणही तेवढ्याच वेळेत कळवावं. नाल्याला पूर आला तरी निरोप पोचला पाहिजे, ही शिस्त दोन्ही काठांना सारखी.

सगळा हिशेब संपल्यावर मी मावशींच्या सोडलेल्या घराकडे वळले. काम रोजचं ४० मिनिटांचं, जाऊन-येऊन ५०. म्हणजे दीड तास, २६ दिवसांचे ३९ तास. १,५०० भागिले ३९, तासाला साडेअडतीस रुपये. आमच्या गल्लीतलं घर: काम तेच ४० मिनिटांचं, जाऊन-येऊन पाच. साडेएकोणीस तासांचे १,१००, म्हणजे तासाला छप्पन्न. वर रोजचा पाऊण तास हाती राहिला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी तो कौतुकानं पाहिला आणि परत दिला. म्हणाल्या, "मले आकडे नाही समजत ताई. आता पोरगी शाळेतून येते तवा मी घरी असते, एवढं समजते."