लहान न होणाऱ्या गोष्टी

साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या शिझुओका शहरात तामिया कंपनीनं जर्मनांच्या पँथर रणगाड्याचं प्लॅस्टिक किट बाजारात आणलं. मुलांनी ते जोडायचं, पोटात मोटर बसवायची आणि घरातल्या जमिनीवर रणगाडा चालवायचा, अशी कल्पना होती. मोटर चालायची तर आत दोन जाड सेल मावायला हवेत. सेल लहान करणं तामियाच्या हातात नव्हतं, म्हणून रणगाडाच सेलच्या मापानं बेतला. मागाहून हिशेब केला तेव्हा प्रमाण निघालं साधारण १:३५. हा आकडा ना फूट-इंचांत नीट बसतो, ना दशमान पद्धतीत. पण ते किट धडाक्यानं खपलं, त्यामागोमाग दुसरे रणगाडे त्याच मापात निघाले आणि आज तैवान, चीन, युक्रेनमधल्या कंपन्यासुद्धा रणगाड्यांची किट्स मुख्यतः १:३५ मध्येच काढतात. ही हकीकत कंपनीचे सूत्रधार शुन्साकु तामिया यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे.

लष्करी वाहनं आणि विमानं यांची मॉडेल्स करण्याच्या छंदाची सगळी गोम त्या दोन सेलमध्ये आहे, असं मला वाटतं. खरी वस्तू पस्तीस पटीनं किंवा बहात्तर पटीनं लहान करता येते. पण तिच्याबरोबरच्या कितीतरी गोष्टी लहान व्हायला साफ नकार देतात. मॉडेल करणाऱ्याचं कसब त्या नकाराशी झुंजण्यात खर्ची पडतं.

तामियाची सुरुवात प्लॅस्टिकमधून नव्हे, लाकडातून झाली. योशिओ तामिया यांनी १९४६ मध्ये लाकूड कापण्याचा आणि विकण्याचा धंदा सुरू केला. शिझुओकात सुतारकामाची परंपरा जुनी, तेव्हा लाकडी जहाजांची आणि गाड्यांची मॉडेल्स हा त्याला फुटलेला सरळ फाटा होता. मग अमेरिकेतून प्लॅस्टिकची किट्स आली आणि लाकडी मॉडेलांचा बाजार बसला. तामियाचं पहिलं प्लॅस्टिक किट ‘यामातो’ या युद्धनौकेचं, १९६० सालचं. प्रतिस्पर्ध्यानं तीच नौका स्वस्तात विकली आणि तामियाला फटका बसला. त्यानंतर आलेल्या पँथरनं कंपनी तारली. पुढे शुन्साकु तामिया अमेरिकेत मेरीलँडमधल्या अबर्डीनच्या लष्करी संग्रहालयापर्यंत जाऊन रणगाड्यांची मापं आणि फोटो घेऊन आले. पोर्शे गाडीचं मोठं किट काढायचं ठरलं तेव्हा त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी करायला लावली. २०२५ च्या जुलैमध्ये वयाच्या ९०व्या वर्षी ते गेले. जपानमधली बहुतांश प्लॅस्टिक किट्स आजही शिझुओका परिसरातच तयार होतात, आणि शहरानं किटच्या सुट्या भागांच्या सांगाड्यासारखी दिसणारी टपालपेटीसुद्धा उभारली आहे.

विमानांचं गणित वेगळं आणि जास्त सरळ आहे. १:७२ म्हणजे एका इंचाला सहा फूट. सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. ब्रिटनमध्ये हे प्रमाण तिसाच्या दशकातच रुळलं होतं, आणि दुसऱ्या महायुद्धात शत्रूचं विमान कुठलं आणि आपलं कुठलं हे सैनिकांना ओळखता यावं म्हणून याच मापाची मॉडेल्स वापरली गेली. एअरफिक्स कंपनीनं १९५३ मध्ये स्पिटफायर काढलं तेही याच मापात. सव्वाअकरा मीटर पंखांचं विमान पंधरा-सोळा सेंटिमीटरवर येतं, म्हणजे तळहातावर मावतं.

आता न मावणाऱ्या गोष्टींकडे वळू.

पहिली गोष्ट म्हणजे जाडी. रणगाड्याच्या चाकांवरचा चिखल अडवणारा पत्रा दोन मिलिमीटरचा धरला, तर १:३५ मध्ये तो ०.०६ मिलिमीटरचा व्हायला हवा. आपल्या वहीचा कागदही याहून जाड असतो. किट तयार होतं ते पोलादी साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक दाबून, आणि इतक्या बारीक फटीत प्लॅस्टिक शिरतच नाही. म्हणून किटमध्ये तो पत्रा मिलिमीटरभर जाड येतो. तो उलट पस्तीसनं गुणला तर साडेतीन सेंटिमीटर जाडीचा मडगार्ड! नवखा माणूस मॉडेल लांबून बघून खूश होतो. मुरलेला माणूस सगळ्यात आधी कडा बघतो. त्यावर उपाय दोन. एक, कडेच्या आतून पॉलिश पेपरनं घासत घासत ती पातळ करायची. दिसते कडाच, मधली जाडी कोणी बघत नाही. दुसरा उपाय म्हणजे पितळेच्या पातळ पत्र्यावर आम्लानं कोरून काढलेले भाग. चेक प्रजासत्ताकातली एदुआर्द ही कंपनी त्यांच्यासाठी नावाजलेली आहे. हे भाग चिमट्यानं वाकवायचे आणि प्लॅस्टिकला सुपरग्लूनं चिकटवायचे. एक तुकडा चिमट्यातून उडाला की तो गेला, आणि मग माणूस टॉर्च घेऊन टेबलाखाली.

दुसरी गोष्ट वजन. खऱ्या रणगाड्याचे लोखंडी पट्टे टनांच्या वजनाचे असतात. त्यामुळे ते वरच्या बाजूला चाकांच्या मधे झोल खाऊन लोंबतात. किटमधल्या मऊ प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना वजनच नाही, ते रबर बँडासारखे ताणून उभे राहतात आणि एवढ्या एका गोष्टीनं अख्खा रणगाडा खेळण्यातला वाटू लागतो. काही जण पट्टा चाकांना डिंकानं खाली ओढून चिकटवतात, काही एकेक कडी जोडून पट्टा तयार करतात. हंगेरीतली फ्रिउलमॉडेल ही कंपनी तर धातूच्या कड्या विकते. शेकडो कड्या तारेनं जोडत बसायचं, पण एकदा जोडल्या की त्या आपल्याच वजनानं लोंबतात. इथे वजनाला वजनानंच उत्तर दिलेलं आहे, म्हणून मला हा उपाय सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

तिसरी आणि सगळ्यात अवघड गोष्ट प्रकाश. खऱ्या रणगाड्यावर ऊन पडलं की प्रत्येक नटाखाली, प्रत्येक झाकणाच्या कडेला गडद सावली पडते. मॉडेलवर तोच नट अर्ध्या मिलिमीटरचा, त्याच्या सावलीचा पत्ताच लागत नाही. म्हणून सावली रंगानं काढावी लागते. तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ करून खाचांच्या कडेला ब्रश टेकवायचा. रंग आपणहून खाचांमधून पळत जातो आणि तिथेच थांबतो. याला वॉश म्हणतात. मग जवळजवळ कोरड्या ब्रशावर फिकट रंग घेऊन उंचवट्यांवरून फिरवायचा, म्हणजे कडांवर ऊन पडल्यासारखं दिसतं. मूळ रंगसुद्धा जसाच्या तसा चालत नाही. हातभर अंतरावरचं मॉडेल म्हणजे पस्तीस हातांवरचा रणगाडा, आणि लांबच्या वस्तूचा रंग हवेमुळे फिका दिसतो. लष्कराच्या डब्यातला अस्सल ऑलिव्ह रंग आणून मॉडेलला लावला तर ते काळपट, मेल्यासारखं दिसतं. त्यात पांढरट किंवा पिवळट रंगाचे थेंब मिसळावे लागतात. किती, ते डोळ्यांनी ठरवायचं.

विमानांच्या बाबतीत मात्र सावल्या रंगवताना अनेकांचा हात सुटतो. विमानाच्या पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा किटवर कोरलेल्या असतात. १:७२ मध्ये ०.३ मिलिमीटरची रेष म्हणजे खऱ्या विमानावर दोन सेंटिमीटरची फट. प्रत्यक्षात त्या सांध्यात जेमतेम नख शिरेल. हौशी माणूस त्या सगळ्या रेषा काळ्या रंगानं भरतो, प्रत्येक चौकोनाचा मध्य फिका करतो आणि लढाऊ विमानाची गोधडी होते. स्पर्धांमध्ये अशा गोधड्यांना बक्षिसंही मिळतात. मला त्या आवडत नाहीत.

गंज आणि घासलेला रंग दाखवायला एक तऱ्हा निघाली, तिचं मात्र कौतुक करावंच लागेल. मॉडेलवर आधी गंजाचा तपकिरी रंग द्यायचा. तो वाळला की केसांवर मारायचा हेअरस्प्रे फवारायचा आणि वरून खरा हिरवा ॲक्रिलिक रंग. मग ओल्या ब्रशानं किंवा टूथपिकनं हळूच घासायचं. खालचा स्प्रे पाण्यात विरघळतो, वरचा रंग टवके उडाल्यासारखा निघतो आणि गंज डोकावतो. प्रमाणाचं भान इथेही सुटून चालत नाही, कारण मिलिमीटरभराचा टवका खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा असतो.

हे सगळं तंत्र झालं. त्यात गोष्ट आणली ती शिकागोच्या शेप पेन या कलावंतानं. सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या मोनोग्राम कंपनीच्या किटसोबत त्याच्या रचना दाखवणारी पत्रकं यायची. शेतात पोटावर उतरलेलं बॉम्बफेकी विमान, मुडपलेले पंखे, बाहेर पडलेले वैमानिक. विमान किती नीट जोडलंय यापेक्षा इथे काय घडलंय, याकडे त्यानं बघायला लावलं. याच ओघात एक तक्रारही नोंदवतो. या छंदात आजही जर्मन रणगाड्यांचा भरणा अवाजवी आहे. टायगर, पँथर, त्यांची छद्मरंगसंगती, त्यांच्यावर चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून थापलेला झिमरिटचा लेप, या सगळ्यावर लोक वर्षानुवर्षं खपतात. ते रणगाडे कोणासाठी आणि कशासाठी लढले, हा प्रश्न त्या टेबलावर फारसा येत नाही.

आपल्याकडच्या माणसाला करण्याजोगा विषय हवा असेल तर तो अहिल्यानगरात उभा आहे. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १७ पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये होते. १६ डिसेंबर १९७१ रोजी भारत-पाक युद्धातल्या बसंतरच्या लढाईत ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियन रणगाड्यातून लढताना, रणगाडा पेटलेला असूनही तो न सोडता, ते वयाच्या एकविसाव्या वर्षी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तो रणगाडा दुरुस्त करून अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे. त्याच शहरातल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जुने ब्रिटिश, जपानी आणि युद्धात हाती आलेले पॅटन रणगाडे जवळून पाहता येतात. सेंच्युरियनचं किट तामियाचं आहे, तैवानच्या एएफव्ही क्लबचंही आहे. पण डब्यातला रणगाडा सहसा ब्रिटिश असतो. भारतीय क्रमांक, रेजिमेंटची चिन्हं, धुळीचा रंग, मागे बांधलेलं सामान, हे सारं आपलं आपण शोधायचं.

इथे आपले अडथळे वेगळे. परदेशी रंग ज्वालाग्राही म्हणून विमानानं पाठवणं कठीण, किटवर आयातकर. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत रंग फवारणाऱ्या एअरब्रशनं लॅकर मारला की त्यावर पांढरट साय येते, आणि कंप्रेसरच्या नळीतलं पाणी थेट पंखावर थुंकतं. अनुभवी लोक जून ते सप्टेंबर फक्त जोडकाम करतात आणि रंगकाम दिवाळीसाठी ठेवतात. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं पितळी भाग, महागडे रंग यांच्या नादी लागू नये. एक साधं १:७२ चं विमान, चांगला कटर, पॉलिश पेपर आणि उघडी खिडकी एवढं पुरे.

खरी अडचण मात्र माहितीची आहे. १:३५ चा ब्रिटिश सेंच्युरियन करायला शेकडो फोटो छापील पुस्तकांत मिळतात. १९६५ आणि १९७१ मधले भारतीय रणगाडे नेमके कसे दिसत, त्यांच्यावर ताडपत्री कुठे बांधत, क्रमांक कुठे रंगवत, हे सांगणारे फोटो विरळा. ते आहेत, पण घरांमध्ये आहेत. आपल्या घरात कोणी चिलखती दलात ड्रायव्हर, गनर किंवा मेकॅनिक म्हणून काम केलेलं असेल, तर त्यांचा अल्बम एकदा काढा. फोटोच्या मागे ठिकाण आणि साल लिहा, ते हयात असतील तर रणगाड्याचा रंग कोणता होता हे त्यांना विचारून घ्या, आणि फोटो स्कॅन करून ठेवा. काळ्या-पांढऱ्या फोटोतून रंग कळत नाही, आणि तो सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या आसपास आहेत.