बीजासोबत पेरली जाणारी बुरशी

न्यूझीलंडमधील दुग्धव्यवसाय मुख्यतः उघड्या कुरणांवर चालतो आणि त्या कुरणांत पांढऱ्या क्लोव्हरच्या जोडीने बहुवर्षायू रायग्रास हे युरोपातून आलेले गवत वाढवले जाते. कुरण पुन्हा पेरायचे म्हणजे बियाण्याचा खर्च होतो आणि काही काळ चराईही बंद ठेवावी लागते. त्यामुळे गवताचे उत्पादन किती, याइतकेच ते किती वर्षे तग धरते, हेही महत्त्वाचे ठरते.

या टिकाऊपणाचे एक कारण गवतात नव्हे, तर त्याच्या पेशींच्या फटींत राहणाऱ्या बुरशीत आहे. एंडोफाइट, म्हणजे वनस्पतीच्या आत वस्ती करणारी ही बुरशी रायग्रासमध्ये केवळ बियांतूनच पुढच्या पिढीत जाते. मेंढ्या व गायींचे पाय लटपटवणारा विकार तिच्याशी निगडित असल्याचे 1981 मध्ये स्पष्ट झाले. लोलिट्रेम-बी या तिच्या विषाचा मज्जासंस्थेवर परिणाम होतो. तेव्हा बुरशीमुक्त बियाणे पेरणे हा उपाय सहज सुचण्यासारखा होता, पण अशी कुरणे खोड पोखरणाऱ्या अर्जेंटाइन सोंड्या भुंग्याने विरळ करून टाकली, कारण त्याला दूर ठेवणारे पेरामाइन हे द्रव्यही तीच बुरशी तयार करत होती.

यानंतर पैदासकारांना गवत आणि बुरशी अशा जोडीचीच निवड करावी लागली. मूळचे विष टाळून पेरामाइन देणारा ‘एआर-1’ हा बुरशीचा वाण 2001 मध्ये बाजारात आला. मुळांवरील माव्यासारख्या किडींपुढे तो अपुरा पडत असल्याने 2007 मध्ये आलेल्या ‘एआर-37’चे महत्त्व वाढले, त्याचे संरक्षण अधिक व्यापक असले, तरी मेंढ्यांत लटपटण्याचा विकार त्यामुळेही कधीकधी दिसतो, म्हणजे तडजोड पूर्णपणे संपलेली नाही. शिवाय उष्ण व दमट साठवणुकीत ही बुरशी बियांच्या आधी मरते. परिणामी उत्तम उगवण देणारे बियाणेही आतून निःशस्त्र असू शकते, आणि म्हणून उगवणशक्तीइतकीच जिवंत बुरशीची तपासणीही आवश्यक ठरते.

अर्थात, वाण कितीही चांगला असला तरी चराई चुकली की कुरण खचते. रायग्रासच्या फुटव्यावर साधारण तीनच पाने जिवंत राहतात, चौथे फुटताच सर्वांत जुने वाळू लागते; म्हणून दुसरे ते तिसरे पान पूर्ण होण्याच्या सुमारास जनावरे सोडतात आणि 4 ते 5 सेंटिमीटर खुंट राखतात, कारण पुन्हा फुटण्यासाठी लागणारी शर्करा त्याच भागात साठलेली असते. वायकाटोसारख्या प्रदेशातील कोरड्या उन्हाळ्यात खुंटही खाल्ले गेले, तर किडींपासून वाचलेले गवतही पुन्हा जोमाने फुटत नाही.