जमाखर्चाबाहेरचे रान

वडसा हे गाव रानाच्या हिशेबावर वाढले. वैनगंगेच्या काठचे, सरकारी कागदपत्रांत देसाईगंज म्हणून नोंदलेले हे गाव 26 ऑगस्ट 1982 पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात होते. त्या दिवशी गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला आणि वडसा त्यात गेले. या नव्या जिल्ह्याला दीर्घकाळ हे एकच रेल्वेस्थानक होते. त्यामुळे दक्षिणेकडच्या अफाट जंगलातून निघालेला माल येथेच यावा, येथेच मोजला जावा आणि येथूनच बाहेरच्या जगात जावा, हा क्रम स्वाभाविकपणे पडून गेला. सागवान घनमीटरवर मोजायचे, बांबू नगावर मोजायचा, तेंदूपान पुडक्यांवर आणि गोणींवर मोजायचे. ओंडक्यावर हातोड्याचा छाप पडला की त्याचे झाड असणे संपते आणि माल असणे सुरू होते. या हिशेबात गैर असे काही नाही. त्यावर हजारो संसार चालले आहेत. प्रश्न एवढाच की, रानाचे जे मोजता येत नाही त्याची नोंद कोणी करायची?

मराठीत ही नोंद ज्या थोड्या माणसांनी निष्ठेने केली, त्यांत व्यंकटेश माडगूळकर हे नाव अग्रभागी आहे. 2027 हे त्यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. माडगूळकर वडशाचे नव्हते, विदर्भाचेही नव्हते. परंतु वडशाहून गोंदियाकडे जाणारी गाडी अर्जुनी मागे टाकून सौंदडला पोहोचते, तेथून साकोलीच्या उत्तरेला नागझिऱ्याचे अरण्य फार दूर नाही. आणि या अरण्यात एकट्याने मुक्काम करून माडगूळकरांनी जे पाहिले, त्यातून ‘नागझिरा’ हे पुस्तक झाले. झाडीपट्टीच्या रानाला मराठी वाचकाच्या घरात नेऊन बसविणाऱ्या पुस्तकांत त्याची गणना करावी लागेल. म्हणून त्यांचे स्मरण पुण्याने जितक्या अगत्याने करायचे, तितक्याच अगत्याने ते या भागानेही केले पाहिजे.

माणदेशचा डोळा

माडगूळकरांचा जन्म 1927 मधला, माणदेशातील माडगूळ गावचा. माणदेश म्हणजे पावसाने पाठ फिरविलेला मुलूख. उघडी माळराने, बाभळी, मेंढरे आणि दुष्काळ हेच त्याचे वैभव. 1942 च्या आंदोलनात हा मुलगा ओढला गेला, भूमिगत राहिला; शालेय शिक्षण अर्धवटच राहिले. थोरले बंधू ग. दि. माडगूळकर यांचे नाव चित्रपटगीतांमुळे घराघरांत पोहोचत होते. धाकट्याला ओढ होती ती चित्रकलेची. कागदावर रेषा ओढता ओढता तो लिहू लागला, हे त्यांच्या गद्याकडे पाहिले की सहज ध्यानात येते. 1949 मध्ये ‘माणदेशी माणसं’ आणि 1955 मध्ये ‘बनगरवाडी’ ही पुस्तके आली. थोडक्या शब्दांत माणूस उभा करण्याची त्यांतील हातोटी ही मुळात रेखाटनकाराची हातोटी आहे. रेखाटनाला खोडरबर चालत नाही आणि पाल्हाळही चालत नाही. नेमकी ओळ सापडेपर्यंत थांबावे लागते.

पुढे पुणे आकाशवाणी केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली. ही गोष्ट मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे. रानात हिंडणारा माणूस म्हटला की संस्थानिक, साहेब किंवा बेफिकीर भटक्या डोळ्यांसमोर येतो. माडगूळकर यांपैकी कोणी नव्हते. महिन्याच्या पगारावर संसार चालविणारा हा मध्यमवर्गीय मनुष्य होता. सवड नाही ही आपल्या नोकरदारवर्गाची आवडती सबब. तिला त्यांच्या आयुष्याएवढे चोख उत्तर दुसरे नसेल.

बंदूक, दुर्बीण आणि पेन्सिल

तरुणपणी माडगूळकरांना शिकारीची हौस होती आणि तिच्याविषयी त्यांनी काही लपवून न ठेवता लिहिले. यात नवल नाही. आपल्याकडचे पुष्कळसे निसर्गज्ञान बंदुकीच्या वाटेनेच आले आहे. सालीम अलींचा पक्ष्यांशी परिचय हवेच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून झाला. जिम कॉर्बेट यांनीही उत्तरायुष्यात कॅमेऱ्याचा मार्ग धरला. शिकाऱ्याला वाऱ्याची दिशा कळावी लागते, माग ओळखता यावा लागतो, तासन् तास निश्चल बसता यावे लागते. वन्यप्राण्यांच्या अभ्यासकाला लागणारे गुण याहून वेगळे नाहीत. वेगळा असतो तो शेवटचा क्षण. शिकाऱ्याच्या दृष्टीने त्या क्षणी काम संपते आणि चित्रकाराचे काम तेथून सुरू होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला खरा, पण कायदा हातातली बंदूक काढून घेऊ शकतो, हातात पेन्सिल देऊ शकत नाही. तो पालट माणसाच्या आतच व्हावा लागतो. माडगूळकरांच्या आयुष्यात तो झाला, आणि त्यांनी तो वाचकांसमोर होऊ दिला.

नागझिरा 1970 मध्ये अभयारण्य झाले. तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते. 1999 मध्ये गोंदिया जिल्हा झाल्यावर त्याचा मोठा भाग तिकडे गेला. तळ्याकाठचे विश्रामगृह, विजेचा अभाव आणि भोवती मिश्र पानगळीचे रान. उन्हाळ्यात या रानाचे सारे व्यवहार पाण्याभोवती गोळा होतात. गवे, सांबर, चितळ, रानकुत्रे यांना कोणत्या ना कोणत्या प्रहरी पाणवठ्यावर यावेच लागते. अशा ठिकाणी पायी हिंडावे, बसावे, पाहावे आणि पाहिलेले टिपून ठेवावे, असा माडगूळकरांचा साधा परिपाठ. वाघ दिसला नाही म्हणून दिवस वाया गेला, असे त्यांना कधी वाटत नाही. मुंग्यांची रांग, कोळ्याचे जाळे, वाळल्या पानांवरचे पाऊल यांना त्यांच्या वहीत समान मान आहे. आज व्याघ्रदर्शनाच्या हमीवर गाड्या भरून जंगलात शिरणाऱ्यांनी हे पुस्तक एकवार वाचावे.

‘सत्तांतर’ ही त्यांची कादंबरी याच पाहण्यातून निपजली. तिच्यातील पात्रे म्हणजे वानरे, आणि कथानक म्हणजे टोळीचा ताबा एका नराकडून दुसऱ्याकडे कसा जातो याचा वृत्तांत. 1960 नंतरच्या दशकात युकिमारु सुगियामा या जपानी अभ्यासकाने धारवाडच्या परिसरात नेमके हेच पाहिले होते. नवा नर टोळी बळकावतो आणि पुष्कळदा आधीच्या नराची पिले मारली जातात, हे त्याचे निरीक्षण जगभर वादाचा विषय झाले. शास्त्रज्ञ जे तक्त्यात मांडतो ते माडगूळकरांनी कथेत मांडले, आणि प्राण्यांच्या तोंडी माणसांचा उपदेश घालण्याचा पंचतंत्री मोह टाळला. 1983 मध्ये या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ऑगस्ट 2001 मध्ये त्यांचे निधन झाले.

आक्षेप आणि उत्तर

येथे एक आक्षेप येणार, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. रानावर प्रेम करणे पुण्यात बसून सोपे आहे. वडशाच्या माणसाने काय करावे? ऑक्टोबर 2021 मध्ये छत्तीसगडमार्गे रानहत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात आला आणि त्याने उभे धान तुडविले. पुढल्याच वर्षी सी. टी. 1 या नावाने नोंदल्या गेलेल्या वाघाने वडसा, भंडारा व ब्रह्मपुरी या वनविभागांत मिळून 13 माणसांचा बळी घेतला. ऑक्टोबर 2022 मध्ये वडसा वनविभागात त्याला जेरबंद करण्यात आले. सरपणासाठी, मोहफुलांसाठी, गुरांमागे रानात जाणाऱ्याला निसर्गसौंदर्याच्या गोष्टी कोणत्या तोंडाने सांगायच्या?

हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे मूळ अर्थशास्त्रात आहे. मोहफूल मार्च-एप्रिलच्या पहाटे पडते; ते उन्हे वाढण्यापूर्वी वेचावे लागते. तेंदूपानाचा हंगाम मे महिन्याच्या आगेमागे अवघ्या काही दिवसांचा. शेतात काम नसते, घरात पैसा नसतो, आणि त्याच दिवसांत रानातली जनावरे पाण्यासाठी एकवटलेली असतात. धोका ठाऊक नसतो म्हणून माणूस रानात जातो असे नाही. धोका ठाऊक असूनही जावे लागते, कारण त्या दिवसांच्या मिळकतीला दुसरा पर्याय नसतो. ज्याला आपण संघर्ष म्हणतो, तो दोन पोटांचा एकाच वेळी एकाच जागी येण्याचा प्रसंग आहे.

परंतु म्हणूनच माडगूळकरांचे पाहणे ही चैन ठरत नाही. ‘बनगरवाडी’त धनगर, मेंढरे, पाऊस आणि दुष्काळ वेगळे काढून दाखविता येत नाहीत, अखेरीस वाडी उठते ती सर्वांसकट. माणूस वगळून रान पाहायचे नाही आणि रान वगळून माणूस पाहायचा नाही, ही शिकवण त्यांना माणदेशाच्या दारिद्र्याने दिली होती. नागझिऱ्यात ते गेले ते हाच डोळा घेऊन.

याच टापूत दुसऱ्या एका माणसाने हेच काम सरकारी नोकरीत राहून केले. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधच्या परिसरात अनेक वर्षे काढली, कोहळी पूर्वजांनी बांधलेल्या त्या विस्तीर्ण तलावाचे पक्षी टिपले आणि तेथल्या माणसांकडून झाडापाखरांची नावे गोळा केली. बगळ्यांच्या वीणवसाहतीला ‘सारंगागार’ हा शब्द मराठीत त्यांच्यामुळे रूढ झाला. ‘पक्षिकोश’ सिद्ध करणारा हा लेखक 2006 मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, 2025 मध्ये पद्मश्रीने गौरविला गेला आणि त्याच वर्षी 18 जून रोजी सोलापुरात निवर्तला. माडगूळकरांची रेषा आणि चितमपल्लींचा शब्द यांनी मिळून झाडीपट्टीच्या रानाची जी नोंदवही तयार केली, ती कोणत्याही आगाराच्या नोंदवहीइतकीच मोलाची आहे.

या मोलाची व्यवहारातही प्रचीती येते. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये गावाने आपला बांबू आपल्या अधिकारात विकला. त्या गावाने हक्क मागण्यापूर्वी वर्षानुवर्षे अभ्यासगट चालविले होते, आपले रान पायाखाली घातले होते. आधी पाहणे, मग मोजणे, मग मागणे, असा तो क्रम होता. मालकी कागदावर मिळते. पण जे राखायचे ते आधी ओळखीचे असावे लागते.

वडशाला कलेचे वावडे आहे, असे म्हणण्याची सोय नाही. झाडीपट्टी रंगभूमीच्या कितीतरी नाट्यमंडळांची कार्यालये याच गावात आहेत. धानाची कापणी झाली, हातात चार पैसे आले की दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटके होतात आणि तिकीट काढून माणसे ती पाहतात. पिकाच्या पैशावर, अनुदानाची वाट न पाहता, उभी राहिलेली ही कला आहे. ज्या मुलखात शेतकरी थंडीत रात्र जागून नाटक पाहतो, तेथे शाळेतल्या मुलाला आपल्या शिवारातला पक्षी काढायला शिकविणे अवघड का असावे?

जन्मशताब्दीनिमित्त सभा होतील, हार घातले जातील. त्यापेक्षा थोडे साधे काही करता येईल. वडसा, आरमोरी, कुरखेडा, अर्जुनीच्या शाळांतून प्रत्येक मुलाला एक कोरी वही द्यावी. वर्षभर त्याने गावाच्या कडेला दिसलेले झाड, पाखरू, पावलाचा ठसा तीत काढावा, आणि आजीला विचारून त्याचे झाडीबोलीतले नाव खाली लिहावे. वानर कोणत्या वेळी खाकरते आणि चितळ कशासाठी ओरडते, हे ज्याला कळते तो रानात अधिक सावधही असतो. चित्रे चांगली येतील की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. एवढे मात्र खरे की, जो मुलगा एका झाडाकडे चित्र पुरे होईपर्यंत पाहत राहिला, त्याला पुढे ओंडक्यावर हातोडा पडताना ते झाड कोठे उभे होते हे आठवेल.