दुखतं टाचेत, बिघाड कुठं?

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकलं की टाचेत कळ जाते. चार पावलं चाललं की जरा सुसह्य होतं. दिवसभर वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षिका, चौकातले वाहतूक पोलीस, फरशीवर तासन्‌तास उभ्यानं स्वयंपाक करणाऱ्या बायका, यांना हे दुखणं सांगावं लागत नाही. एक्स-रे निघतो, त्यात टाचेखाली काटा दिसतो आणि ‘हाड वाढलंय’ यावर सगळे थांबतात. पण असा काटा कधीच टाच न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेमध्येही सापडतो. बहुतेकदा दुखत असतो तो टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला तळव्याचा चिवट पट्टा, प्लांटार फॅशिया. त्याच्यावर ताण का येतो, ते कळायला माणसाला चालताना पाहावं लागतं.

पाऊल म्हणजे 26 हाडं आणि 33 सांधे. एक टाच टेकल्यापासून तीच पुन्हा टेकेपर्यंत साधारण सेकंदभर जातो आणि त्यातला 60 टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो. तेवढ्यात त्यानं आधी सैल पडून धक्का जिरवायचा आणि लगेच ताठ होऊन अंगाला पुढं ढकलायचं. हा ताठपणा कुठून येतो, ते जे. एच. हिक्स यांनी 1954 मध्ये दाखवलं. अंगठा वर वळला की रहाटावर दोर चढावा तसा तळव्याचा पट्टा चवड्याच्या सांध्याभोवती ताणला जातो, टाच आणि चवडा जवळ येतात, कमान उंचावते. घरात कुणाला उभं करून त्याचा अंगठा हातानं वर उचला; कमान वर येताना डोळ्यांना दिसते.

चांगला तपासणारा आधी चप्पल उलटी करून पाहतो. टाचेची बाहेरची कड थोडी झिजलेली असतेच. एकाच पायाची जास्त झिजली असेल किंवा आतली कड बसली असेल, तर पुढचे प्रश्न सुरू होतात. मग कपडे गुडघ्याच्या वर दुमडून अनवाणी चालायचं, तेही पुरेसं लांब, कारण पहिल्या फेरीत प्रत्येक जण जरा नीटच चालतो. पाठीमागून पाहताना पावलाच्या बाहेरच्या बाजूला नेहमीपेक्षा जास्त बोटं डोकावत असतील, तर पाऊल बाहेर वळलंय आणि बहुधा कमानही खचलीय. भिंतीला हात टेकून एका पायावर टाच उचलायला सांगितलं की ती उचलता उचलता किंचित आत वळायला हवी. ती वळत नसेल, किंवा उचलताच येत नसेल, तर घोट्याच्या आतून जाणाऱ्या टिबियालिस पोस्टिरिअर स्नायूच्या कंडरेवर संशय घ्यावा. प्रौढ वयात एकच पाय नव्यानं सपाट होऊ लागला, तर ते अंगावर काढू नये.

पोटरी आखडली असेल तर घोटा पुरेसा वाकत नाही. मग टाच लवकर उचलली जाते, पाऊल आत कलतं आणि भार चवड्यावर आणि तळव्याच्या पट्ट्यावर जातो. अशा टाचेला नुसता मऊ पॅड देऊन भागत नाही, पोटरी ताणायला शिकवावी लागते.

तपासणी घोट्यापाशी थांबली तर मात्र अर्धं निसटतं. फ्रिडरिश ट्रेंडलेनबुर्ग या जर्मन सर्जननं 1895 मध्ये वर्णन केलेली खूण आजही रोज उपयोगी पडते: एका पायावर उभं राहताना उचललेल्या बाजूचं ओटीपोटाचं हाड खाली झुकलं, तर टेकलेल्या पायाच्या खुब्याचे स्नायू कमजोर आहेत. असा खुबा सैल पडला की मांडी आत वळू शकते आणि गुडघा आत कलतो. तक्रार मात्र गुडघ्याची असते.

इथं सगळ्यात अवघड प्रश्न येतो, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो: चालीतला बिघाड हे कारण की परिणाम? दुखऱ्या पायावर माणूस कमी वेळ उभा राहतो आणि भार दुसऱ्या पायावर टाकतो. महिनोन्‌महिने असं लंगडल्यावर दिसणारी वेडीवाकडी चाल आधीची की नंतरची, हे एका पाहण्यात ठरत नाही. आधी काय दुखलं, कधीपासून, त्या सुमारास काम, चप्पल किंवा चालण्याचं अंतर बदललं होतं का, हे खोदून विचारावं लागतं.

म्हणूनच दुकानात काचेवर उभं करून तळव्याचा रंगीत नकाशा काढणं आणि लगेच महागडे इनसोल गळ्यात मारणं मला पटत नाही. उभ्या पावलाचा ठसा चालीबद्दल फार थोडं सांगतो. कॅमेरे आणि बल मोजणाऱ्या पट्ट्या असलेल्या प्रयोगशाळा सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या शस्त्रक्रिया ठरवताना मोलाच्या ठरतात. साध्या टाचदुखीला त्यांची गरज क्वचितच पडते.

सपाट पाऊल म्हणजे आजार, हाही असाच गैरसमज. राव आणि जोसेफ यांनी भारतातल्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासून 1992 मध्ये निष्कर्ष छापले. पादत्राणं वापरणाऱ्यांत 8.6 टक्के मुलांची पावलं सपाट होती, अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8 टक्के. बंद बुटांत हे प्रमाण सर्वाधिक होतं. लहान मूल दुखल्याशिवाय खेळत असेल, तर त्याला कमानीचे बूट घालायची घाई कशाला?

उलट दुखतच नाही, असा पाय जास्त जपावा लागतो. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांना उमगलं, की पायाच्या जखमा रोगानं मांस सडून होत नाहीत. संवेदना गेलेल्या तळव्यावर त्याच जागी पुन्हापुन्हा दाब पडतो, आणि दुखत नसल्यामुळं रुग्ण चाल बदलत नाही. मधुमेहात नसा बधिर झालेल्या पायाचं हेच होतं. तिथं डोळे मिटवून तळव्याला 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा टेकवतात आणि स्पर्श कळला का, ते विचारतात. कळला नाही, तर तळवे रोज आरशात पाहायचे, चप्पल घालण्याआधी आतून हात फिरवायचा आणि घरातही अनवाणी चालायचं नाही.